नाल साफ

"मांगं लपून बत्ती नाही देत आता," उकंडा म्हणाला. "तोफ नीट करून देतो. अशी करतो का धा सालं कोनाले तिच्याकडं पाहा लागनार नाही. पन बत्ती देईन थे समोर उभा राहून. लोकाइच्या डोयापुढं."

शाळेमागच्या बाभळीखाली आम्ही तिघे उभे होतो. यज्ञेश्वर गुरुजी, मी आणि उकंडा. आमच्या मध्ये ती तोफ पडली होती. पडली होती म्हणजे अर्धीअधिक मातीत गेली होती. तीन पावसाळे तिनं तिथंच काढले होते. एक चाक मोडलेलं, तोंडात मातीचा बोळा बसलेला आणि बुडाच्या जागी मूठ जाईल एवढं भोक. त्या भोकात कुणीतरी विड्यांची थोटकं टाकून ठेवली होती.

गुरुजी आमच्या कळंबच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि देखावा समितीचे चिटणीसही तेच. साल एकोणीसशे साठ. एक मेला महाराष्ट्राचं नवं राज्य सुरू व्हायचं होतं. आमच्याकडे पुष्कळांना विदर्भच वेगळा हवा होता, पण देखावा म्हटलं की रुसलेलेही हजर. किल्ल्याचा जिवंत देखावा पुन्हा उभा करायचा, मावळ्यांच्या वेशातली माणसं, बुरूज, आणि तोफ खरीखुरी उडवून दाखवायची, असं ठरलं होतं. ती दुरुस्त करणारा माणूस कळंबात एकच होता, आणि तीन वर्षांपूर्वी ती त्याच्याच हातावर फुटली होती.

"समोर उभं राहायचं म्हणजे गोलंदाजाचा वेश घालावा लागेल, उकंडा," गुरुजी म्हणाले.

"घालीन."

"समितीला विचारावं लागेल मला. सरपंच बाबाराव काय म्हणतील..."

"इचारा. तवरोक मी बंडीच्या धावा पाहून ठेवतो." आणि तो तोफेला एक फेरी मारून, वाकून, बुडाच्या भोकात एक डोळा लावून पाहून चालू लागला. आमच्या उत्तराची त्यानं वाटही पाहिली नाही.

मागच्या देखाव्यात समोर उभा राहिलेला गोलंदाज म्हणजे मी.

मी म्हणजे वामन, टपाल कचेरीतला कारकून. सत्तावन्न साली स्वातंत्र्ययुद्धाची शताब्दी आली तेव्हा हा देखावा आम्ही पहिल्यांदा केला. माझ्या अंगात शौर्य कधीच नव्हतं, मिशी मात्र होती, म्हणून मला गोलंदाज केलं. तोफ उकंडानं घडवली. तो कापसाच्या जिनिंगात फिटर होता. भंगारातल्या जुन्या बॉयलरची जाड नळी त्यानं घेतली, तिच्या बुडात लोखंडी बूच तापवून बसवलं आणि मोडक्या बंड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा कापून त्यांची कडी वरून चढवली. गुरुजींनी चित्र दिलं होतं, पण चित्रातून लोखंड उकंडानंच काढलं. त्या नळीला तो नाल म्हणायचा, मग आम्हीही म्हणू लागलो.

तालमीत गुरुजी कर्ण्यावरून सांगायचे आणि आम्ही करून दाखवायचो. काठीला चिंध्या बांधलेल्या ओल्या बोथ्यानं नाल पुसायची, दारूची पुडी सारायची, वर कागदाचा बोळा, गजानं ठासायचं, मग बत्ती. गोळा अर्थात नसायचाच, नुसता आवाज आणि धूर. समोरून बत्ती उगारायचो मी. खरी बत्ती मात्र कापडी बुरुजामागं बसून उकंडा द्यायचा. लोखंड त्याचं, दारूची पारख त्याची, पण मावळ्याचा वेश त्याला द्यावा हे तेव्हा कुणाच्या मनातच आलं नाही. खोटं कशाला सांगू, माझ्याही आलं नाही. मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला वामनराव म्हणायचा.

उकंडा हे नाव त्याच्या आईनं ठेवलं होतं. आधीची चार लेकरं गेली, म्हणून पाचव्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं, म्हणजे मरणाची नजर जाऊ नये. छप्पन्न सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला तेव्हा लोकांनी सुचवलं, आता नाव तरी बदल. तो म्हणाला, "नाव माह्या मायनं ठेवलं, थे राहू द्या. बाकी सारं बदललं."

बाकी सारं बदललं म्हणजे काय, ते सत्तावन्न साली पहिल्या देखाव्याच्या दिवशी कळलं. सरपंच बाबाराव म्हणाले, "हत्यार हाये बाप्पा. पयले पूजा. ज्यानं घडवली थ्यानं नारय फोडावा, रीत हाये."

"मी नाही फोडत जी," उकंडा म्हणाला. "प्रतिज्ञा घेतली हाये. तुमाले फोडाचा तं मंदिरात फोडा, माही ना नाही. पन तोफीपाशी नोको. नालीत बारूद अन कागद. तिसरी चीज गेली नाही पाह्यजे."

गुरुजींनी ते मान्य केलं. बाबारावांनी तोंड वाकडं केलं. देखावा सुरू झाला आणि पहिल्याच बाराला तोफ मागून फुटली. बूच उडालं. मी पुढं होतो, मला फक्त धूर लागला. बुरुजामागच्या उकंडाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि डावा कान कायमचा बंद झाला. एस.टी.नं त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तो शुद्धीवर होता आणि एकच विचारत होता, "जोड सुटला का? पाहा ना कोनी, जोड सुटला का?"

त्यानंतर गावात दोन मतं झाली. अर्ध्यांचं म्हणणं, पूजा केली नाही म्हणून फुटली. उरलेल्यांचं म्हणणं, जोड कच्चा होता, म्हणून फुटली. दोन्ही मतांचा शेवट उकंडापाशीच येत होता. जिनिंगानं त्याला फिटरचा गेटवरचा चौकीदार केलं. रस्त्यानं जाताना लोक त्याला फुटक्या म्हणायचे. एका कानानं तो बहिरा झाला होता, पण ते नेमकं दुसऱ्या कानाच्या बाजूनं म्हणायचे.

---

एप्रिलात जिनिंग बंद असतं. उकंडा मोकळा होता. बैलजोडी लावून तोफ त्याच्या अंगणात नेली, तेव्हा गुरुजींनी मला सांगितलं, "वामन, जरा लक्ष ठेवत जा. काय लागतं ते बघ." मी कचेरी सुटली की जायचो, बाजेवर बसायचो आणि कागदावर धाव, कोळसा, खिळे असं लिहून घ्यायचो.

तिसऱ्या दिवशी त्यानं नाल दोन दगडांवर आडवी ठेवली आणि मागच्या भोकातून गज घालून माती काढू लागला. माती निघाली, मुंग्यांचं वारूळ निघालं, विड्या निघाल्या. मग गज कशाला तरी अडला. ठोकलं तरी हलेना. त्यानं गजाच्या टोकाला आकडा वळवला, आत सारला, पाय दगडाला लावून ओढलं. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा काहीतरी करकरत बाहेर आलं आणि मातीत पडलं.

काळा कोळसा झालेला एक खोलगट तुकडा. उकंडानं तो पाण्यात बुचकळला, नखानं खरवडला, पुन्हा धुतला. बाहेरून शेंड्या जळालेली करवंटी. आतून चिकटलेलं, करपून वाळलेलं खोबरं.

नारळाची अर्धी वाटी.

माझ्या हातातली पेन्सिल तिथंच थांबली. उकंडा बराच वेळ ती वाटी उलटीसुलटी करत बसला. मग नालीजवळ नेली, मागच्या तोंडाशी धरून पाहिली. नाल तिच्यानं बरोबर भरत होती, बूच मारल्यासारखी. आणि मग तो हसायला लागला. रागानं नाही. सुटलेल्या माणसासारखा.

"तुळसे! ए तुळसे! भायेर ये व!"

तुळसाबाई, त्याची बायको, पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"माहा जोड नव्हता सुटला व! हे पाहाय. बारुदीले समोरून रस्ताच नाही भेटला. रस्ता नाही भेटला तं थे कुठी जाईन? मांगून निंगाली. माहा हात नव्हता चुकला!"

तुळसाबाईनं वाटी हातात घेतली, पाहिली आणि पदर तोंडाला लावला. ती आत गेली तेव्हा उकंडानं माझ्याकडं पाहिलं. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

"नालीच्या तोंडापाशी त्या दिशी एकच मानूस होता, वामनराव," तो हळू आवाजात म्हणाला. "नाव सांगनं माहं काम नोहे. ज्याचं थ्यानं सांगावं."

त्यानं वाटी फडक्यात बांधून खुंटीला टांगली आणि पुन्हा गज उचलला.

आता सांगतो. त्या दिवशी सकाळी मी चिंतामणीला गेलो होतो. पायऱ्या उतरून दर्शन घेतलं, नारळ फोडला, अर्धी वाटी प्रसादाची परत मिळाली ती पंच्याच्या टोकात बांधली. मला तोफेची भीती वाटत होती. गावभर मावळा म्हणून मिरवत होतो खरा. पूजा न केलेल्या तोफेपुढं उभं राहायचं! गुरुजींचं कर्ण्यावरचं बोलणं ऐन रंगात आलं तेव्हा कागदाचा बोळा घालता घालता मी ती वाटी नालीत सारली आणि गजानं ठासली. देवाचं आहे, आत असलेलं बरं, एवढाच विचार. तोफ फुटली तेव्हा पहिल्या क्षणीच मला वाटी आठवली होती. नंतरची तीन वर्षं मी स्वतःला समजावत होतो की खोबऱ्याच्या तुकड्यानं कुठं लोखंड फुटतं का. माझं हे समजावणं इतकं चांगलं होतं की मला झोपही लागायची.

---

पुढचे दिवस मी जात राहिलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. न जाणं जास्त अवघड वाटलं असावं. दुसऱ्याच दिवसापासून मी त्याला उकंडाजी म्हणू लागलो. तुळसाबाईनं मान वर करून एकदा पाहिलं.

त्याला डाव्या हातानं सांडशी धरता येत नव्हती. उरलेल्या तीन बोटांतून तापलेलं लोखंड निसटायचं. त्यानं जिनिंगातल्या तुटक्या पट्ट्याचं चामडं कापून त्याचा फासा केला, सांडशीची मूठ मनगटाला बांधली आणि उजव्या हातात घण घेतला. तुळसाबाई भाता ओढायची. भर एप्रिलची यवतमाळकडची उन्हं, त्यात भट्टी. मी सावलीत बसूनही घामाघूम व्हायचो. मग एक दिवस लाज वाटली आणि कड्याचं दुसरं टोक धरायला उठलो.

बूच नवं घडवलं. त्यावर तीन कडी चढवायची होती. धावेचा तुकडा वाकवायचा, टोकं ताव देऊन एकमेकांत ठोकायची, मग ते कडं गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं आणि नालीवर सारून वर पाणी ओतायचं. थंड होताना ते आवळून बसतं. चाकाला धाव चढवतात तसंच. कडं बसलं की उकंडा हातोडीनं हलकेच वाजवायचा आणि उजवा कान जवळ न्यायचा.

पहिलं कडं वाजवलं. त्यानं मान हलवली. "ठस्स म्हनते. काढा."

"अजी, चांगलं तं बसलं," तुळसाबाई म्हणाली.

"ठस्स म्हनते."

छिन्नीनं तोडून काढलं. पुन्हा धाव, पुन्हा गोवऱ्या. दुसरंही काढलं, तिसरंही. चौथ्यांदा जे बसलं ते वाजलं, आणि मलाही फरक कळला. स्वच्छ, लांबत जाणारा आवाज. उकंडानं हातोडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

तुळसाबाईनं दोन तांबे आणले. एक माझ्यापुढं केला आणि थांबली. तोवर त्या घरचं पाणी मी प्यालो नव्हतो. कधी प्रसंग आला नाही, असं मी म्हणालो असतो. मी तांब्या घेतला आणि सगळा प्यालो. ते काही मोठं काम नव्हतं, तहान लागली होती.

उकंडा गोवऱ्या आणायला मागं गेला तेव्हा ती भात्यापाशी बसून बोलू लागली. "तीन सालं झाले जी. असा एक दिवस गेला नाही का यायनं मले इचारलं नाही. तुळसे, जोड कच्चा राह्यला होता का व? मी भाता वढत होती. मी सांगो, लालभडक होता, पक्का होता. तं म्हनत, तू मन राखाले सांगून राह्यली. लोक म्हनत थ्याचं काही नाही वाटे त्याहिले. पन सोताच्या हातावरचा भरोसा उडाला, थ्याचं काय कराव मानसानं?"

मी रिकामा तांब्या हातात फिरवत राहिलो.

"तुमी होते ना तथी त्या दिशी? समोरच होते. तुमाले काईच नाही दिसलं, कोनं टाकलं थे?"

"नाही," मी म्हणालो.

जिच्या घरच्या पाण्याचा तांब्या अजून माझ्या हातात होता, तिच्यासमोर मी ते म्हणालो. उकंडानं तिला माझं नाव सांगितलेलं नव्हतं. घरातसुद्धा नाही. नालीत वाटी सारली ती भीतीनं. हे मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं.

तोफ तयार झाली तेव्हा एका सकाळी नाल्याच्या कोरड्या पात्रात नेली. उकंडानं दुप्पट दारू भरली, लांब वात लावली आणि आम्हाला दरडीमागं बसवलं. स्वतः मात्र अर्धा उभाच होता. बार झाला तेव्हा पलीकडच्या पळसावरचे पक्षी उडाले. धूर विरायच्या आधीच तो तिच्यापाशी पोचला आणि कडी वाजवून पाहिली. तिन्ही खणखणीत.

---

समितीची बैठक सत्तावीस तारखेला शाळेच्या वर्गात झाली. बाबाराव टेबलामागं, आम्ही सातआठ जण बाकांवर. उकंडा दाराशी उभा राहिला तेव्हा गुरुजींनी त्याला बाकावर बसायला सांगितलं.

बाबारावांनी दोन गोष्टी मांडल्या. "एक, यंदा पूजा होईन अन नारय तोफीवर फुटीन. मांगच्या वक्ती नाही फोडला, काय झालं थे साऱ्याइनं पाह्यलं. दोन, समोर वामनरावच राहातीन. उकंडा, तुह्यं काम चांगलं हाये, मी नाही म्हनत नाही. पन लोकं काय म्हनतीन? ज्याच्या हातावर फुटली थोच मानूस समोर?"

उकंडा उठला. फडकं सोडलं आणि वाटी टेबलावर ठेवली.

"नालीतून निंगाली जी. मधोमध ठासून बसली होती. मांगच्या वक्ती नारय नाही फोडला म्हनून नाही फुटली, बाबारावजी. नारय आत होता म्हनून फुटली."

वर्गात कुजबुज झाली. वाटी हातोहाती फिरली. गुरुजींनी चष्मा काढून ती जवळून पाहिली. माझ्यापर्यंत आली तेव्हा मी ती घाईनं पुढं दिली.

"कोनं टाकला?" बाबारावांनी विचारलं.

"थे मी नाही सांगत."

"नाही सांगत म्हंजे? मालूम हाये अन नाही सांगत?" बाबारावांचा आवाज चढला. "मंग आमी काहून मानाव? तूच टाकला असशीन, नाहीतं चुलीत जायून आनला असशीन. सोताची चूक झाकाले बहाना करून राह्यला तू!"

उकंडाचा चेहरा लाल झाला. एक शब्द उच्चारला असता तर तो सुटला असता. माझ्याकडं नुसतं पाहिलं असतं तरी पुरे होतं. त्यानं पाहिलं नाही. टेबलाच्या कडेला तीन बोटांचा हात टेकवून तो समोर फळ्याकडं पाहत उभा राहिला. "मी टाकला असता तं मांगं बत्ती द्याले बसलो असतो काय?" एवढंच म्हणाला. "तुमाले पटत नसन तं तोफ शाळेमांगं नेऊन टाका. पन मांगं लपून बत्ती मी देत नाही."

"मी टाकला," मी म्हणालो.

मी उभा कधी राहिलो ते मला कळलं नाही. सगळे वळून पाहत होते. "नारळ मी टाकला. मंदिरातला प्रसाद होता. मला भीती वाटत होती. त्यांनी आधी बजावलं होतं, तिसरी वस्तू घालू नका, तरी मी घातली आणि गजानं ठासली. फुटली त्याच वेळी मला कळलं होतं. तीन वर्षं बोललो नाही. परवा तुळसाबाईंनी विचारलं, तेव्हाही खोटं बोललो."

"वामनराव, तुमी?" बाबाराव एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा गोंधळ जास्त होता. गुरुजी चष्मा पुसत राहिले. मी उकंडाकडं वळलो. माफी मागायची होती.

त्याआधी त्यानंच विचारलं. "कशी टाकली होती? उपडी का सुलटी?"

"काय?"

"वाटी. तोंड बारुदीकडं होतं का लोकाइकडं?"

मी आठवून पाहिलं. "दारूकडं."

"तरीच," उकंडा म्हणाला आणि त्याचं समाधान झालं. "तरीच अशी फसली. सुलटी असती तं कदाचित निंगून गेली असती."

"उकंडाजी, मी... तुमची बोटं..."

"बोटं काई येत नाही आता परत," तो म्हणाला. त्यात माफी नव्हती आणि शिवीही नव्हती. "समोर उभं राहू द्या मले. बस."

गुरुजी उठले. त्यांचा आवाज शिकवतानाचा झाला. "बत्ती उकंडाजी देतील, समोर, वेशात. पूजा ज्यांना करायची त्यांनी मंदिरात करावी. तोफेजवळ नाही."

बाबारावांनी वाटी उचलून पुन्हा टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "अन नालीत कोनी काही टाकलं नाही, थे कोन पाहीन?"

"वामनराव पाहातीन," उकंडा म्हणाला. "दर बाराच्या पयले. खांद्यापर्यंत हात घालून. अन साऱ्याइले ऐकू जाईन असं सांगतीन."

त्या संध्याकाळी मी घरी जाण्याआधी त्याच्या अंगणात गेलो आणि तुळसाबाईला सांगितलं. ती चूल पेटवत होती. तिनं ऐकून घेतलं, फुंकणी खाली ठेवली आणि आत निघून गेली. पुढं वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही.

---

एक मेला ऊन उतरल्यावर देखावा सुरू झाला. शाळेचं मैदान भरलं होतं, आसपासच्या खेड्यांतून बंड्या आल्या होत्या. उकंडा अंगरखा घालून, मुंडासं बांधून तोफेच्या बाजूला उभा होता. अंगरखा त्याला आखूड पडत होता. डावा हात लपवायला कुणीतरी त्याला शेला देऊ केला होता, तो त्यानं कमरेला बांधला.

मी साधा मावळा होतो. गुरुजी कर्ण्यावर सांगत होते. ओला बोथा झाला, आणि उकंडा ओरडला, "नाल पाहा!"

मी बाही सरकवून हात आत घातला. नाल ओली होती. "नाल साफ," मी म्हणालो.

"जोरानं. माह्या उजव्या कानाले तं ऐकू येऊ द्या."

"नाल साफ!"

मग पुडी, बोळा, गज. त्यानं बत्ती उचलली, एकदा सगळ्या मैदानाकडं पाहिलं आणि लावली. तीन बार झाले. लोक उभे राहून ओरडत होते, बाबारावही. उकंडा तिकडं पाहतच नव्हता. त्यानं अंगरख्याच्या खिशातून हातोडी काढली, तिन्ही कडी एकेक करून वाजवली आणि दर वेळी उजवा कान जवळ नेला. मग सरळ उभा राहिला.

पुढं दरवर्षी देखावा होत गेला. एका वर्षी यवतमाळहून एक शिक्षण अधिकारी आले होते. त्यांना 'नाल साफ'ची आरोळी फार आवडली. "ही पद्धत कोणत्या बखरीत सापडली तुम्हाला?" त्यांनी विचारलं. गुरुजी आयुष्यात खोटं बोलले नाहीत. "कळंबचीच आहे, साहेब," ते म्हणाले. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

उकंडाजी सहासष्टच्या हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत जिनिंगाच्या गेटवरच होते, फिटर त्यांना परत कुणी केलं नाही. आता बत्ती द्यायचं काम दुसऱ्याकडं आहे. नाल पाहायचं माझ्याकडंच आहे. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या आणि खांदा दुखतो, तरी हात बगलेपर्यंत जावा लागतो. त्याशिवाय मला चालत नाही.

सदुसष्टच्या मे महिन्यात तुळसाबाई पुढच्या सतरंजीवर येऊन बसल्या. मी हात घातला, चाचपला, बाहेर काढला आणि काळी झालेली बोटं त्यांना दिसतील अशी वर धरली. "नाल साफ!" म्हणालो. त्या बोटांकडं नीट पाहत राहिल्या. मैदान थांबलं होतं, गुरुजीही थांबले होते. मग त्यांनी मान हलवली आणि मी बत्तीवाल्याला खूण केली.